डोक्याचा मुका मार : एका फोटोवर निर्धास्त होऊ नका



आज उसाच्या खोडव्यावर किंवा द्राक्षाच्या छाटणीवर बोलायचं नाही. ही पिकं काढताना, वाहताना आपला माणूस पडतो, त्याच्या डोक्याला मार लागतो, त्याविषयी बोलायचं आहे. गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगली भागातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी भरून जातात. मोळ्या भरताना फळीवरून गडी घसरतो. कुणी नारळावरून पडतो, कुणी बेदाण्याच्या शेडवरून, कुणी कोरड्या विहिरीत. पुणे-बंगळूर रस्त्यावर मोटरसायकल घसरते, ते वेगळंच.

हात मोडला तर तो वाकडा दिसतो. मांडी फाटली तर रक्त दिसतं. डोक्याचं तसं नाही. वरून कातडी शाबूत, नुसतं टेंगूळ आलेलं, माणूस उठून बसलेला, बोलणारा. मग चार जण म्हणतात, "काय नाय झालं, जरा भोवळ आली. घरी नेऊन झोपवा, सकाळच्याला बरा हुतोय." कधी म्हणतात, "प्यायलाय, उतरली की उठंल." आणि सकाळी हाक मारावी तर माणूस ओ देत नाही. असे प्रसंग आपल्या भागाला नवीन नाहीत.

हे का होतं आणि डोक्याचा फोटो, म्हणजे सीटी स्कॅन, काढून ते आधी कसं ओळखता येतं, हे आज समजून घेऊ.

आत काय होतं?

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. पोटात रक्त साचलं तर पोट फुगायला जागा असते. कवटीला ताण देता येत नाही. आत रक्त साठू लागलं की सुरुवातीला मेंदूभोवतीचं पाणी थोडं बाजूला सरकून जागा करून देतं, म्हणून माणूस काही वेळ बरा दिसतो, बोलतो, चालतो. ही जागा संपली की दाब एकदम वाढतो, मेंदू दाबला जातो, शुद्ध हरपते आणि श्वासावर परिणाम होतो.

रक्तस्रावाचे प्रकार तीन-चार आहेत. कानाच्या वर कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला चीर पडून ती फाटली, तर कवटी आणि मेंदूचं वेष्टन यांच्यामध्ये रक्त साठतं. या प्रकारात माणूस आधी बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन चांगला बोलतो आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होतो. मधला हा बरा काळच घरच्यांना फसवतो. दुसऱ्या प्रकारात वेष्टनाच्या आत, मेंदूवर रक्त पसरतं. तिसऱ्या प्रकारात मेंदूच ठेचला जातो, पिकलेलं फळ आपटल्यावर आतून काळं पडावं तसा, आणि त्या ठेचलेल्या जागेतला रक्तस्राव पुढच्या काही तासांत वाढू शकतो. अशा ठेचलेल्या जागा तपासलेल्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत लोकांत पहिल्या फोटोनंतर रक्त वाढलेलं आढळतं. बहुतेक वाढ पहिल्या चोवीस तासांत होते.

फोटो कसला काढतात?

साध्या एक्स-रेत हाड दिसतं, रक्त दिसत नाही. म्हणून "एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, आता भीती नाही" हे म्हणणं खोटं समाधान आहे. रक्त दाखवतो तो सीटी स्कॅन. भाकरीच्या चवडीतली एकेक भाकरी उचलून पाहावी, तसे हे यंत्र डोक्याचे थरावर थर दाखवतं. ताजं गोठलेलं रक्त त्यात पांढरं दिसतं, मेंदू करडा आणि पाणी काळं.

या यंत्राचा शोध लावणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव. लहानपणी शेतावरच्या यंत्रांत रमणारे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा फोटो निघाला. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. तोवर आत काय झालंय याचा अंदाज बाहेरून बांधावा लागे. आज तेच चित्र काही मिनिटांत समोर येतं.

एका आकड्यावरून पूर कळत नाही

आता आजची मुख्य गोष्ट. सीटी स्कॅन त्या एका घडीचं चित्र दाखवतो. पुढच्या सहा तासांचं नाही.

सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कुणी सांगितलं की पाणी ३८ फुटांवर आहे, तर आपण निर्धास्त होतो का? आपण लगेच विचारतो, "तासाभरापूर्वी किती होतं? चढतंय की उतरतंय? कोयनेतून किती सोडलंय?" आकडा तोच, पण चढत्या पाण्याचा अर्थ वेगळा आणि उतरत्याचा वेगळा. २०१९ च्या महापुरात हे आपण सगळ्यांनी अनुभवलं.

डोक्यातल्या रक्ताचंही तसंच आहे. किती रक्त आहे हे एक, आणि ते वाढतंय की थांबलंय हे दुसरं. मार लागल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत फोटो काढला आणि त्यात थोडंच रक्त दिसलं, तर ते समाधान अर्धवट असतं, कारण नदीला पाणी नुकतंच चढू लागलेलं असू शकतं.

एक हिशेब करून पाहू. मेंदूतलं रक्त किती, हे मोजायची डॉक्टरांची एक सोपी रीत आहे. गुठळीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि निम्मा करायचा. येईल तो आकडा साधारण तितके मिलिलीटर.

समजा, संध्याकाळी सहाला ट्रॉलीवरून एक गडी पडला. दोन मिनिटं बेशुद्ध होता, मग उठला. एक उलटी झाली. साडेसातला फोटो निघाला. गुठळी ४ सेंटिमीटर लांब, ३ रुंद, २ उंच. गुणाकार २४, त्याचे निम्मे १२ मिलिलीटर. रात्री साडेबाराला पुन्हा फोटो काढला. आता गुठळी ५, ४ आणि ३. गुणाकार ६०, निम्मे ३० मिलिलीटर. प्रत्येक बाजूला एकच सेंटिमीटर वाढ, पण रक्त अडीचपट झालं. तीस मिलिलीटर म्हणजे टपरीवरच्या छोट्या कपात अर्धा कप चहा. पण कवटी आणि वेष्टन यांच्यामध्ये तीसहून जास्त रक्त साठलं, तर माणूस शुद्धीवर असला तरी शस्त्रक्रिया करून ते काढावं, असा मेंदूच्या सर्जन लोकांचा सर्वमान्य दंडक आहे.

आणि हे ध्यानात घ्या, साडेबाराला तो गडी कदाचित बोलतही असेल. "डोकं जरा जास्त दुखतंय" एवढंच म्हणेल. त्याचं बोलणं बंद व्हायच्या आधी फोटोने सांगितलं. दुसऱ्या फोटोचा उपयोग हाच.

पुढे वाढेल, हे आधी कशावरून कळतं?

कोयनेतून पाणी सोडलं की ते सांगलीला पोचायच्या आत आपण गुरंढोरं हलवतो. तशा खुणा पहिल्या फोटोतही असतात. त्या वाचायचं काम डॉक्टरांचं आहे. पण आपल्याला माहीत असलं, तर ते "थांबा" का म्हणतात हे पटतं.

पहिली खूण, सुरुवातीलाच जास्त रक्त असणं. मोठी गुठळी पुढे जास्त वाढते.

दुसरी, पांढऱ्या गुठळीच्या आत काळपट भोवरा दिसणं. गोठलेलं रक्त पांढरं दिसतं, न गोठलेलं काळपट. भोवरा दिसला म्हणजे आत ताजं रक्त अजून येत असण्याची शक्यता असते. बांधातून झिरपणारं पाणी गढूळ झालं की बांध आतून खचतोय हे आपण ओळखतो, तसंच हे.

तिसरी, कडा. गोल, नेटकी गुठळी त्या मानाने बरी. वेड्यावाकड्या कडांची, बाजूला लहान लहान बेटं असलेली गुठळी वाढण्याचा संभव जास्त.

चौथी, एकाहून अधिक ठिकाणी रक्त असणं, किंवा ठेचलेल्या जागेबरोबर मेंदूच्या पृष्ठभागावरही रक्त पसरलेलं असणं.

पाचवी, शिरेतून औषध देऊन काढलेल्या फोटोत गुठळीच्या आत चमकणारा ठिपका दिसणं. तो ठिपका म्हणजे त्याच वेळी गळणारी रक्तवाहिनी. हा फोटो सगळ्यांचा काढत नाहीत. गरज वाटली तरच काढतात.

याशिवाय काही गोष्टी फोटोत नसतात, त्या आपणच सांगायच्या असतात. वय जास्त आहे का? हृदयविकारासाठी किंवा पक्षाघातासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन अशी नावं असतात. दारूचं रोजचं व्यसन आहे का? लिव्हर खराब आहे का? या माणसांचं रक्त सहज थांबत नाही. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. लाजून काही लपवू नका.

संगणकाची मदत

मोठ्या दवाखान्यात रात्री-अपरात्री फोटो वाचणारा तज्ज्ञ हजर असेलच असं नाही. या अडचणीवर आपल्या राज्यातही काम झालं आहे. २०१६ साली मुंबईत सुरू झालेल्या क्यूअर डॉट एआय या कंपनीने डोक्याचे सीटी स्कॅन वाचणारी संगणकप्रणाली तयार केली. भारतातल्या केंद्रांमधले तीन लाखांहून अधिक स्कॅन वापरून केलेला त्यांचा अभ्यास २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कवटीला चीर आहे का, रक्तस्राव आहे का, तो कोणत्या प्रकारचा, मेंदू एका बाजूला सरकलाय का, हे अशी प्रणाली झटकन दाखवते. त्यामुळे दहा फोटोंतला धोक्याचा फोटो डॉक्टर आधी बघू शकतात.

रक्तस्राव पुढे वाढेल का, हे पहिल्याच फोटोवरून संगणकाला सांगता यावं, यासाठी जगभर संशोधन चालू आहे. पण त्यावर विसंबून रुग्णाला घरी पाठवावं, अशी वेळ आलेली नाही. नर्सने दर तासाला हाक मारून पाहणं, डोळ्यात बॅटरी मारून पाहणं आणि गरजेप्रमाणे पुन्हा फोटो काढणं, हीच आजही खरी राखण.

दुसरा फोटो कुणाला?

प्रत्येकाला नाही. पहिला फोटो स्वच्छ असेल, माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नसतील, तर डॉक्टर बहुधा घरी सोडतात आणि चोवीस तास लक्ष ठेवायला सांगतात. पण पहिल्या फोटोत रक्त दिसलं असेल, तर दवाखान्यातच राहायचं. अशा रुग्णाचा दुसरा फोटो साधारण सहा ते चोवीस तासांच्या दरम्यान काढतात. गुंगी वाढली, उलट्या वाढल्या किंवा एक हात लुळा पडू लागला, तर त्याच क्षणी काढतात.

इथे आपल्याकडे घोटाळा होतो. "एकदा काढलाय की फोटो! परत कशाला खर्च? सही देतो, घरी न्या." बंधूंनो, ही सही फार महागात पडते. पैशाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. म्हणून आधी रुग्णालयात विचारा की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना इथे लागू आहे का. ज्या रुग्णालयांत ती आहे तिथे आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा.

मार लागल्यावर काय करावं?

माणूस पडल्याबरोबर त्याला ओढून बसवू नका. मानेलाही मार असू शकतो. डोकं, मान आणि धड एका रेषेत धरून दोघा-तिघांनी मिळून हलवा. उलटी होत असेल तर अख्खं अंग एका कुशीवर वळवा. पाणी, चहा, जेवण काही देऊ नका, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते. जखमेत हळद, चुना, कॉफी भरू नका. स्वच्छ फडकं धरा. दुखतंय म्हणून मनाने ॲस्पिरिनची गोळी देऊ नका.

१०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पाटणच्या खोऱ्यातून कराडला यायचं किंवा जतेहून मिरजेला जायचं, तर वाटेतच वेळ जातो. म्हणून आपल्या गावापासून कोणत्या रुग्णालयात रात्रीदेखील सीटी स्कॅन निघतो आणि मेंदूचा सर्जन भेटतो, हे हंगाम सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा. टोळीच्या मुकादमाने आणि ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरने तो फोन नंबर खिशात ठेवावा.

वेळेचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. २९ देशांतल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं, तर सौम्य आणि मध्यम इजेच्या रुग्णांमध्ये डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू कमी झाले, असं तीत दिसलं. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. वेळेत पोचवणं आपल्या हाती आहे.

रस्त्यावर दुसऱ्याचा माणूस पडलेला दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १३४-अ घालून मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. आपलं नाव-गाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आता एवढं कापून भिंतीवर लावा :

१. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध गेली, पडल्याचं आठवेना, दोनदा उलटी झाली, फिट आली, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी आलं, तर थेट सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा.

२. वय ६५ च्या वर असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा तीन फुटांहून जास्त उंचीवरून पडला असेल, तर मार बारीक वाटला तरी डॉक्टरांना दाखवा.

३. प्यायलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर गुंगी दारूचीच आहे असं धरून चालू नका.

४. मार किती वाजता लागला, शुद्ध किती वेळ गेली, उलटी केव्हा झाली, हे कागदावर लिहून न्या.

५. मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर पहिल्या फोटोची फिल्म सोबत न्या. जुना फोटो असला तरच नव्याशी ताडून पाहता येतो.

६. घरी सोडलं असेल, तर पहिल्या रात्री जवळ एक जागतं माणूस ठेवा. दर दोन तासांनी उठवा, नाव, गाव, वार विचारा, दोन्ही हात वर करायला सांगा. उत्तर चुकलं, हात खाली आला, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, तर सकाळची वाट पाहू नका.

७. म्हाताऱ्या माणसांचं आणखी एक. पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं, विसर पडू लागला, तर "वयच झालं आता" म्हणून सोडून देऊ नका. हळूहळू साठलेलं जुनं रक्त असू शकतं. ते वेळेत काढलं, तर बहुतेक माणसं पुन्हा हिंडू-फिरू लागतात.

मंडळी, बैल जरा चारा कमी खाऊ लागला तर आपण रात्रीतून दोनदा उठून गोठ्यात डोकावतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला त्याहून जास्त राखण लागते. निदान एक रात्र. गावातल्या टोळ्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना आणि मोटरसायकल घेऊन हिंडणाऱ्या पोरांना हे पत्रक वाचून दाखवा.

नमस्कार.